घाटाखालचे धोंडे

धोंड्यावर बसल्याखेरीज त्याला पहार लावायची नाही, असा आक्कांचा नियम होता. उन्हाळ्यात कृष्णेचे पाणी उतरले आणि घाटाखालचे काळे धोंडे उघडे पडले, की आक्का पहार खांद्यावर टाकून पात्रात उतरत. ज्या धोंड्याची पाळी असेल त्याच्याभोवती एक फेरी मारत, पदर झटकून त्याच्या माथ्यावर बसत आणि कनवटीची पुडी काढून मिसरी लावू लागत. पाय पाण्यात सोडलेले असत. पाहणाऱ्याला वाटे, बाई विसावा घेते आहे. पण पाणी कोणत्या बाजूने येते, कोठे अडते, कोठे गुपचूप खाली शिरते, हे त्या पावलांनी अजमावत असत. कोणी घाई केली तर म्हणत, "त्यो किती वर्सं बसलाय. त्येच्यासंगं आपुन घटकाभर बसाया काय हुतंय?"

आक्का झारेकरी होत्या. हा धंदा आता बुडाला आहे, म्हणून दोन शब्द सांगितले पाहिजेत. कृष्णेच्या पात्रात सोन्याची खाण नाही. परंतु वाईच्या घाटावर पिढ्यान्‌पिढ्या बायका न्हात आल्या, धुणे धूत आल्या. कोणाची मुरणी, कोणाच्या बुगडीचा मणी, कोणाच्या माळेतील पुतळी पाण्यात गेली. अंमळ खाली स्मशान आहे. प्रेताच्या मुखात घातलेला सोन्याचा कण राखेबरोबर नदीतच जातो. आम्हा सोनारांच्या दुकानांतील केरही पावसाच्या पाण्याने गटारांतून तेथेच पोहोचतो. पुरात दगडांवर आपटून या सोन्याचे दागिनेपण नाहीसे होते. उरतो तो बाजरीएवढा, क्वचित तुरीच्या डाळीएवढा ओबडधोबड खडा. तो शोधणारे ते झारेकरी. आक्कांनी वर्षभर वेचलेले सोने गाळून देणारा मी सोनार. घाटाच्या वरच्या बोळात आमचे दुकान होते. प्रथम वडील त्या कामाला बसत, पुढे मी बसू लागलो.

सोन्याविषयी आक्कांचे मत फारसे चांगले नव्हते. "सोनं लय आळशी असतंय," असे त्या म्हणत. "पान्यानं ढकललं की चार पावलं जातंय आन पयल्या आडोशाला बसतंय. मग उठत न्हाई." त्यांचा सारा धंदा या एका वाक्यावर चालला होता. वाहत्या पाण्यात सोने धुंडाळायचे नाही, धोंड्याच्या पोटाखाली धुंडाळायचे. धोंडा उलटायचा, खालची वाळू खरवडून लाकडी परातीत घ्यायची, पाण्यात डोलवत डोलवत हलकी वाळू जाऊ द्यायची. तळाशी काळी रेती राहते. त्या रेतीत पिवळे काही चमकले तर चमकले.

एवढ्यावर काम संपत नसे. उचललेला धोंडा पूर्वी होता तेथेच, त्याच तोंडाने, पुन्हा बसवायचा. अर्धा दिवस काढण्यात जाई, अर्धा बसवण्यात. एकदा मी विचारले, इतका खटाटोप कशासाठी. आक्का म्हणाल्या, "आळशाला आडोसा लागतो, सोनारदादा. आडोसा मोडला तर त्यो फुडल्या गावाला जाईल. मग फुडल्या वर्सी मी काय धुवू?" त्यांच्या सासऱ्याने बसवलेले धोंडे त्या काढत आणि बसवत होत्या. धोंड्यांना नावे होती. एक रेडा, एक म्हातारी. एकाला मामलेदार म्हणत, कारण तो लवकर हलत नसे.

दुकानात त्या आल्या तरी आत बसत नसत. उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसून मूस तापताना पाहत. माझे वडील कर्मठ होते. स्मशानाखालच्या वाळूतील सोने असेल तर ते गाळण्यापूर्वी त्यावर देवघरातल्या गडूमधले कृष्णेचे पाणी शिंपडत. आक्का ते निमूट पाहून घेत. एके दिवशी मात्र त्यांना राहवले नाही. "थोरलं सोनार," त्या म्हणाल्या, "ते तर तिथनंच आलंय की. आनखी किती भिजिवता?" वडील हसले नाहीत. पण गडू नंतर देवघरातून खाली आला नाही. आक्कांनी मला पुढे एकदा सांगितले, "मुशीत गेलं की जित्याचं आन मेल्याचं सोनं येकच हुतं. माझं बी व्हईल, तुमचं बी व्हईल." स्वतः त्या अंगावर सोने घालत नसत. यजमान होते तेव्हाही गळ्यात काळी पोत आणि दोन वाट्या, एवढेच.

दागिना अखंड सापडला तर तो गाळायचा नाही, ही त्यांची आणखी एक रीत. तो आमच्या दुकानी ठेवायचा आणि घाटावर बायकांच्या कानी घालायचे. दसऱ्यापर्यंत कोणी आले नाही तर पुढचा विचार. एका सालात तान्ह्या मुलाच्या टोपड्याला लावतात ते सोन्याचे पिंपळपान सापडले. दसरा गेला, पुढचाही गेला. ते इतके नाजूक होते की गाळावे असे आक्कांना वाटेना आणि मलाही वाटले नाही. ते काचेच्या कपाटात पडून राहिले. कितीएक वर्षांनी शेजारच्या खेड्यातील एक बाई दुकानात आली. पिंपळपान पाहून म्हणाली, हे माझ्या थोरल्याचे. मागच्या बाजूची खूण तिने न पाहता सांगितली. थोरला तिच्याबरोबरच होता. पलटणीतून रजेवर आलेला, सहा फूट उंच, मिशीला पीळ दिलेला. मी आक्कांना बोलावून घेतले. त्यांनी पिंपळपान हातात घेतले, टाचा उंचावून त्या जवानाच्या कपाळाशी धरले आणि म्हणाल्या, "आता बसत न्हाई बाबा. लेकाला घाल." जवान कानापर्यंत लाल झाला. त्याचे लग्न व्हायचे होते.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, तेव्हा आक्कांचे यजमान वारले. नदीवर गेले आणि तापाने फणफणून परत आले, ते उठले नाहीत. झारेकऱ्यांत नदीचे पट्टे वाटलेले असत. घाटापासून स्मशानापर्यंतचा धोंड्यांचा पट्टा यांच्या घराण्याचा होता. आक्कांना मुलगा नव्हता. एक मुलगी, ती सांगलीला दिलेली. तेराव्याचे भांडे घासून होते न होते तोच यजमानांच्या चुलतभावाने, राणबाने, पट्टा मागितला. राणबाचा स्वतःचा पट्टा पुलाच्या खाली होता. तेथे नुसती वाळू. माणूस धिप्पाड, आवाज त्याहून मोठा. वाईट नव्हता. त्याचे म्हणणे एवढेच, की धोंडे हलवणे हे बाईमाणसाचे काम नव्हे. भाऊ होता तोवर ठीक होते. वैनी परात धरत होत्या. आता पहार कोण धरणार?

पहार अनेक वर्षे आक्काच धरत होत्या. यजमानांच्या कमरेत जोर उरलेला नव्हता. घाटावर सर्वांना ते ठाऊक होते आणि कोणी ते बोलून दाखवले नव्हते. आक्कांनीही दाखवले नाही.

पट्टा गेला तर वाईत त्यांना काही उरत नव्हते. लोक म्हणाले, लेक आहे, सांगलीला जा, सुखाने दोन घास खा. आक्कांचे उत्तर मी ऐकले आहे. "लेकीच्या घरी पाहुनी म्हनून जाईन. आश्रित म्हनून न्हाई."

अखेर झारेकऱ्यांचे पंच बसले. माहुलीचे आले, कऱ्हाडचे आले. सर्वांत वडील माहुलीचे बापू. डोळ्यांनी अधू, पण त्यांच्यापुढे कोणी आवाज चढवत नसे. सोने निघाले तर पारखायला कोणी हवे, म्हणून कसोटी आणि काटा घेऊन मलाही घाटाच्या पायरीवर बसवले. बापूंनी निकालाची रीत सांगितली. दोघांनी एकेक धोंडा उघडायचा. म्हातारी राणबाकडे, मामलेदार आक्कांकडे. दोन्ही धोंडे सारख्याच आकाराचे होते. राणबाने दोन भाचे मदतीला आणले. पंचांनी हरकत घेतली नाही. आक्कांना विचारले, तुमच्या बाजूने कोण.

"मला नदी हाय," आक्का म्हणाल्या.

राणबाने काम झटक्यात उरकले. तिघांनी तीन पहारी लावल्या, हाकाऱ्यावर हाकारा दिला, आणि म्हातारी आपल्या जागेवरून उखडून गडगडत खालच्या डोहात गेली. पाणी पायऱ्यांपर्यंत उडाले. घाटावर जमलेली पोरे आणि बरीच मोठी माणसेही ओरडली. राणबाने खालची वाळू धुतली. परातीत बाजरीएवढे चार दाणे आणि तुरीच्या डाळीएवढा एक खडा निघाला. मी कसोटीवर घासून पाहिले. सोने चांगले होते. राणबाने मला ते पुन्हा, मोठ्याने सांगायला लावले.

आक्कांनी तोवर पहार उचललेलीही नव्हती. मामलेदारावर बसून त्यांची मिसरी लावून झाली होती. नंतर त्या खाली उतरल्या आणि धोंड्याच्या वरच्या अंगाची, म्हणजे पाणी येते त्या बाजूची वाळू करवंटीने उपसू लागल्या. मग छोटे दगड आणि हरळीचे गड्डे आणून त्यांनी पात्रात एक तिरपा बांध घातला. नदीचा एक बारीक पाट त्या खळग्याकडे वळला. एवढे करून त्या बाजूला बसल्या. दुपार झाली, लोक जेवायला घरी गेले, जेवून परत आले, तरी आक्का बसलेल्या. पायरीवरून कोणीतरी विचारले, "आक्का, मामलेदार रजंवर गेल्यात काय?"

"अर्ज दिलाय," आक्का म्हणाल्या. "उद्या सही हुईल."

सारी पायरी हसली. राणबाही हसला. संध्याकाळी आक्का पहार पाण्याकाठी ठेवून घरी गेल्या.

सकाळी येऊन पाहतो तो मामलेदार पुढे झुकला होता. पाटाच्या पाण्याने रात्रभर त्याच्या वरच्या अंगाची वाळू खाल्ली होती आणि धोंडा आपल्याच वजनाने, प्रवाहाच्या उलट दिशेला, नाक खळग्यात घालून ओणवा झाला होता. मागची कड वर आली होती. आक्कांनी त्या कडेखाली पहार घातली, पहारीखाली एक हातभर दगड टेकण दिला, आणि अंग टाकून एकदा दाबले. जात्याची वरची तळी उचलावी तसा मामलेदार उघडला. त्यांनी फटीत आणखी एक दगड सरकवला आणि हात आत घालून वाळू खरवडू लागल्या.

परातीत निघाले ते राणबाच्या निम्मेही नव्हते. मी तोलले आणि जे होते ते सांगितले. आक्कांनी परात विसळून दगडावर उपडी घातली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते. राणबाच्या भाच्यांपैकी एकाने दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

बापू काठी टेकत उठले. "झालं न्हवं बगून? आता आपापलं धोंडं हुतं तितंच परत बसवा."

आक्का उठल्या. त्यांनी बांध फोडला, खळग्यात गोटे भरले, टेकणाचे दगड एकेक करून काढून घेतले आणि पहारीने धोंड्याची मान वर उचलत उचलत त्याला मागे बसवू लागल्या. राणबा डोहाकडे पाहत उभा होता.

"राणबा," बापू म्हणाले, "तुझी म्हातारी कुठाय?"

घाटावर असा हशा मी पुन्हा ऐकला नाही. राणबाचे तोंड उतरले, पण त्याने खोटे काही सांगितले नाही. म्हणाला, "आमच्या वाळूत धोंडा परत ठिवायची चाल न्हाई, बापू. माज्या ध्यानातच आलं न्हाई." ते खरेच होते. वाळूच्या पट्ट्यात नदी दरसाल सारे नवे आणून टाकते. तेथे उचलायचे आणि फेकायचे, एवढेच काम. त्याचा हात त्याच सवयीचा.

"म्हनून तुला वाळूचा पट्टा हाय," बापू म्हणाले आणि पायऱ्या चढू लागले. निकाल तेवढाच. मामलेदार त्या दिवशी माध्यान्हीच्या आत आपल्या जागी बसला.

पंच गेल्यावर आक्का राणबाजवळ गेल्या. मला वाटले, दोन टोले देतील. त्यांनी फक्त एवढेच म्हटले, "भावजी, म्हातारीला वर आना. ज्येनं काढली त्येनंच बसवायची."

त्या उन्हाळ्याचे उरलेले दिवस राणबा आणि त्याचे भाचे डोहात होते. दोर आणले, ओंडके आणले, एकदा बैलजोडीही आणली. बैल पाण्यात शिरायला राजी झाले नाहीत. आक्का काठावर बसून सांगत. राणबाने खांदा लावला की म्हणत, "उचलू नगा. लोळवा." त्याने शिवी हासडली की म्हणत, "म्हातारी हाय ती. मानानं बोला." मी दुकान बंद करून जाता येता पाहत असे. घाटावरच्या लोकांना दुसरी करमणूक नव्हती. कोणी राणबाला विचारी, म्हातारी आज कोठवर आली? तो म्हणे, "इसाव्याला बसलीया." आरंभी तो हे रागाने म्हणत असे, पुढे पुढे हसून म्हणू लागला. नदी गढूळ होण्याच्या आधी म्हातारी तिच्या जागेवर आली. आक्कांनी तिच्याभोवती फेरी मारली आणि तोंड फिरलेय म्हणून ती पुन्हा फिरवायला लावली.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारीखाली काही निघाले नाही. राणबा ओशाळला. आक्का म्हणाल्या, "रुसलीया. बसंल हळूहळू." त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात चिमूटभर निघाले. ते धुताना राणबा हजर होता, आणि त्याला बोलावलेले नव्हते. त्यानंतर तो दर उन्हाळ्यात येऊ लागला. आधी आपल्या वाळूचे काम आटोपून, पुढे ते भाच्यांवर टाकून. आक्का त्याला बैल म्हणत, तो त्यांना मास्तरीणबाई म्हणे. दुपारी एका धोंड्याच्या सावलीत दोघे भाकरी सोडत. बोलणे भांडणाच्या सुरातच चाले. एकदा राणबा माझ्या दुकानी येऊन बसला आणि आपण होऊन म्हणाला, "वैनी शिव्या लय देती. पर शिकिवती."

लढाईच्या अखेरच्या दिवसांत सांगलीहून निरोप आला. मुलीला जुळे झाले होते. जावई फौजेत, कोठे आहे ते घरच्यांनाही नीट ठाऊक नव्हते. मुलीची सासू अंथरुणाला खिळलेली. आक्कांनी एक रात्रही विचार केला नाही. मी म्हणालो, सांगलीला जायचे नाही असे तुम्हीच म्हणत होता. त्या म्हणाल्या, "तवा खायाला बोलवत हुती. आता कामाला बोलवलंय."

जाण्यापूर्वी त्यांनी पट्टा राणबाला दिला. अर्धा नव्हे, राखायला नव्हे. पुरता दिला आणि माहुलीला बापूंना तसे कळवले. मग राणबाला घेऊन त्या पात्रात उतरल्या आणि रोज थोडे थोडे करीत सगळे धोंडे त्याला दाखवले. प्रत्येक धोंड्यावर त्याला बसायला लावत. एवढ्या मिशांचा माणूस पाण्यात पाय सोडून धोंड्यावर मुकाट बसलेला आणि आक्का काठावरून विचारताहेत, "डाव्या पायाला काय लागतंय?" घाटावर बायका धुणी टाकून पाहत राहत. एका धोंड्यावर राणबाने बराच वेळ बसून सांगितले, की काही लागत नाही. आक्का म्हणाल्या, "मग अजून बसा." त्या संध्याकाळी दुकानासमोरून जाताना राणबा मला म्हणाला, "लागलं."

वाठार स्टेशनावर मिरजेची आगगाडी धरायची होती. मी आणि राणबा मोटारीच्या अड्ड्यापर्यंत गेलो. आक्कांजवळ एक बोचके आणि लाकडी परात होती. पहार त्यांनी नेली नाही. राणबाने त्यांच्या पाया पडण्यासाठी वाकायला आणि मोटार सुरू व्हायला एकच गाठ पडली. त्याचे डोके मोटारीच्या पायरीवर आपटले. आक्का आतून म्हणाल्या, "बगून, भावजी." मोटार निघून गेली.

सांगलीला सराफ पेठेत माझे जाणे असे. गेलो की आक्कांच्या मुलीच्या घरी चहा घेत असे. जुळी मुले त्यांच्या अंगाखांद्यावर असत. जावई सुखरूप परत आला होता आणि एका कारखान्यात लागला होता. सासूबाई आक्कांच्या हातचे खाऊन उठून बसू लागल्या होत्या आणि त्यांच्याशी भांडूही लागल्या होत्या. आक्का सकाळी सराफांच्या दुकानांपुढील केर आणि गटारातली माती गोळा करून आणत आणि परसात धूत. त्यात सोने बरे निघे. वाईच्या धोंड्यांखाली निघे त्याहून अधिकच. मी तसे म्हणालो. त्यांनी मान हलवली. "निगतंय की. पर हितल्या नदीला हाडं न्हाईत, सोनारदादा. समदा गाळ." हे त्या तक्रारीने म्हणत नव्हत्या. थोड्या वेळाने एका नातवाला मांडीवरून उचलून दुसरा घेतला आणि मला विचारले, म्हातारीखाली औंदा काय निघाले.

मला उत्तर देता आले, कारण मी रिकाम्या हाताने गेलो नव्हतो. त्या उन्हाळ्यात राणबा प्रथमच एकटा सोने घेऊन दुकानी आला तेव्हा त्याच्याजवळ दोन पुरचुंड्या होत्या. त्याने त्या वेगवेगळ्या ठेवल्या. मी विचारले, दोन कशा. तो म्हणाला, "ही माजी. ही वैनीची."

मी म्हणालो, "पट्टा तर तुझ्या नावचा झाला."

"व्हय झाला. पर धोंडं तिनं बसिवल्यात."

असे करायला त्याला कोणी सांगितले नव्हते. पंचांत असे काही ठरले नव्हते. आक्कांनी तसा शब्द काढला नव्हता. मी दोन्ही पुरचुंड्या वेगळ्या गाळल्या आणि आक्कांची गोळी घेऊन सांगलीला गेलो. आक्कांनी ती तळहातावर घेतली. बोटाने एकदा उलटून पाहिली. नंतर म्हणाल्या, "त्येला अक्कल कवा येनार," आणि गोळी कनवटीला खोचली. मुलीला हाक मारून त्यांनी मला दुसऱ्यांदा चहा करायला सांगितला. तो चहा त्या कोणाला सहसा सांगत नसत.

त्यानंतर हा दरसालचा परिपाठ झाला. राणबाने आणायचे, मी गाळायचे, सांगलीला पोहोचवायचे, आक्कांनी राणबाला नावे ठेवायची आणि गोळी ठेवून घ्यायची. परत आल्यावर राणबा विचारी, "काय म्हनाली?" मी सांगे, अक्कल नाही म्हणाल्या. तो समाधानाने निघून जाई.

आक्का सांगलीतच वारल्या. फार दुखणे झाले नाही. मला पेठेतील एका सराफाकडून कळले, तेव्हा दिवसकार्य होऊन गेले होते. वाईला परतल्यावर मी राणबाच्या घरी जाऊन सांगितले. तो अंगणात दोर वळीत होता. त्याने ऐकून घेतले, दोराचा पीळ पुरा केला, टोकाला गाठ मारली आणि आत गेला. मीही थांबलो नाही.

उन्हाळा आला, पाणी उतरले, धोंडे उघडे पडले. हंगामाच्या अखेरीस राणबा दुकानी आला. त्याने अंगरख्याच्या खिशातून पुरचुंडी काढून माझ्यापुढे ठेवली. दुसऱ्या खिशातून दुसरी काढली आणि ती तिच्यापासून हातभर दूर ठेवली.

मी म्हणालो, "राणबा, आक्का आता नाहीत."

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "लेक हाय की तिची सांगलीला." आणि मी अजून हात पुढे केला नाही असे पाहून त्याने दुसरी पुरचुंडी बोटाने माझ्याकडे सरकवली. "ती गेली. धोंडं कुटं गेल्यात?"

मी शेगडी फुंकली आणि निखाऱ्यांत दोन मुशी ठेवल्या.